बिघडलेल्या तोड्यांची मजुरी

कोलकाता,
ता. ८ जुलै २०२५

ती. अक्काच्या पायाशी मल्लेशचा शि. सा. न., अव्वाला आणि बाकी घराला शरणु शरणार्थी. वि. वि.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर अप्पा शेजारी कान लावून बसतात आणि मला मनातलं बोलता येत न्हाय. हे त्यांना दाखवू नको. अक्षराला हसू नको, नववीत सुटलेला हात हाय.

तब्येत बरी. जेवणाचं विचारू नको. हिकडं कोबीच्या भाजीतसुद्धा माशाचं डोकं निघतंय. मी आचाऱ्याला सांगितलं, आम्ही लिंगायत, मासा चालत न्हाय. तर तो म्हणाला, मग मासा बाजूला काढ आणि नुसता रस्सा घे. चिरमुऱ्यावर दिवस काढतोय.

आता खरं सांगतो. मगदूम मॅडमनी, म्हणजे आपल्या पेठ वडगावच्या, ज्यांनी मला हुपरीतनं उचलून हिथल्या संग्रहालयात वर्षभर शिकायला घेतलं त्यांनी, माझ्या हातात चांदीचे जुने तोडे दिले. नुसती धूळ झटक म्हणाल्या. तोडे काळेकुट्ट. अक्का, तूच सांग, चांदीच्या धंद्यातला हुपरीचा माणूस काळी चांदी कुणाला परत देईल काय? लाज वाटंल की. मॅडम मीटिंगला गेल्यावर मी ते चिंचेच्या पाण्यात उकळले, रिठा लावून ब्रश मारला. असे लखलखले की सोनामणी बघतच ऱ्हायली. ही माझ्याबरोबर शिकणारी बीरभूमकडची संथाळ पोरगी. मी शाबासकी घ्यायला दारात जाऊन उभा.

मॅडम तोडे बघून खाली बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, नक्षीच्या खोबणीत घालणारीच्या पायाची हळद बसली होती, तीच तपासायची होती. कुठल्या बाईची कोण जाणे, एवढी वर्षं टिकलेली हळद मी दुपारी मोरीत सोडली.

अप्पांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, माल बिघडला की मजुरी सोडायची, आपल्याकडं हीच रीत. तसंही शिकायचे पैसे मिळतात हे त्यांना मुळातच पटलेलं न्हाय. मी ऑफिसात लिहून दिलं, ह्या महिन्याचं मानधन मला नको. मला वाटलं, मॅडमचं मन जरा हलकं होईल.

तर मॅडम तोड्यांवर चिडल्या नव्हत्या तेवढ्या ह्यावर चिडल्या. आपल्या भाषेत, जिन्यात उभ्या राहून, सगळं ऑफिस ऐकंल असं बोलल्या. ही जागा शिकायची हाय आणि शिकताना चूक होणार हे धरूनच मानधन ठेवलंय, ते परत करायला सांगितलं कुणी, असं. कारण संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांनी माझा कागद पुढं केलाय. पोरं पैसे नको म्हणतात तर सगळ्यांचंच बंद करू, ज्याला गोडी हाय तो फुकट शिकंल, असं त्यांचं म्हणणं. पंचवीस तारखेला बैठक हाय. मी तिथं जाऊन मानधन परत मागावं असं मॅडमना वाटतंय. बंद झालं तर सोनामणी दुसऱ्या दिवशी गावाला. तिच्या घरची चूल ह्यावरच चालती.

पण अक्का, माल बिघडवून वर मजुरी मागायची? कुठल्या तोंडानं? दमलोय. राजकोटचं काम सोडलं, सेलमचं सोडलं, तसं हेपण सोडून गाडीत बसावं वाटतंय. काय करू ते लिही.

लोभ हाय तेवढा तरी ठेव.
तुझा,
मल्लेश


हुपरी,
ता. १५ जुलै २०२५

चि. मल्लेशला अक्काचे पुष्कळ आशीर्वाद.

राजकोटला उकडत होतं, सेलमला मालक खेकसत होता, आता कोलकात्याला मासा. कुठल्या गावात तुझं बूड टेकंल ते एकदा कळव बाबा, अव्वा तिथल्या देवाला नारळ फोडंल.

इकडं सगळी बरी. घुंगरं जोडून माझी मान धरती, अप्पांना जोडाचा बारीक टाका दिसत नाही पण चष्मा लावत नाहीत. चौकात ते अजून सांगतात की मल्लेश नोकरीला आहे. पोराला शिकायला पगार मिळतो म्हटलं तर पावणे विचारतात, कसली फसवाफसवी नाही न्हवं?

तुझं पत्र मी अप्पांना वाचून दाखवलं. नको म्हणालास तरी दाखवलं. ते म्हणाले, गुरूच्या घरी झाडलोट करून शिकायचं असतं, आम्ही चार-पाच वर्षं एक रुपाया बघितला नाही, म्हणून हाताला वळण लागलं. तुझं पोरगं तिथं हात पसरणार असेल तर मला सांगूसुद्धा नको, असं अव्वालाच बोलले. चूक तुझी, बोलणी तिला.

मग मी त्यांना महालिंगकाकाचं विचारलं. तुला तो साखर कारखान्याच्या गेटवर राखणीला बसलेलाच आठवत असंल. पण अप्पा आणि तो एकाच मालकाकडं शिकायला बसले होते. अप्पाच सांगतात की, त्याच्यासारखी साखळी गल्लीत कुणाला ओढता आली नाही. त्याच्या घरी खायला नव्हतं, म्हणून दिवाळीच्या आतच उठून गेला. अप्पांना आज्ज्यानं पोसलं, म्हणून टिकले. मी एवढंच विचारलं की, अप्पा, गोडी कुणाला कमी होती?

त्यांनी ताट सारलं आणि उठले. दोन दिवस झाले त्याला. व्हय म्हणत नाहीत, पण नको म्हणायचंही थांबवलंय. त्यांच्याकडनं ह्यापेक्षा जास्त मिळत नसतंय, तुला माहीत आहे.

परत यायचं तर ये, भाकरी आहे. पण पंचवीस तारीख चुकवून येऊ नको. पत्र पोचल्याचं कळव, आणि मनात राग असला तरी माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
दानेश्वरी


कोलकाता,
ता. २६ जुलै २०२५

ती. अक्काला शि. सा. न., अप्पा-अव्वाला शरणार्थी. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. काल बैठकीला गेलतो. सोनामणीपण आलती, माझ्या मागं भिंतीला टेकून उभी. मोठ्या साहेबांनी बसायला सांगितलं, पण मला बसवलं न्हाय. ते काय ओरडणारे न्हाईत. गोडीनं विचारलं की, बेटा, पैसे नसते तरी तू शिकायला आला असतास ना?

अक्का, जिभेवर व्हय आलं होतं. आपल्या गल्लीतला कुणीपण व्हयच म्हणाला असता. अप्पांचं तोंड समोर दिसत होतं. व्हय म्हणालो असतो तर साहेबांनी पाठ थोपटून चहा पाजला असता.

मी न्हाय म्हणालो. आलो नसतो, नुसतं शिकायला म्हणून हुपरीच्या स्टँडच्या पुढं गेलो नसतो. त्यांनी विचारलं, मग तोड्यांचं काय? तोडे बिघडवले, म्हणालो, मीच बिघडवले, ती हळद परत येणार न्हाय. पण मानधन नको म्हणालो ती दुसरी चूक, ती तेवढी निस्तरता येती. हिंदी तिथंच संपली. पुढचं मराठीत बोललो, मॅडम साहेबांना हिंदीत सांगत गेल्या. त्यांनी काय सांगितलं देव जाणे, माझ्यापेक्षा बराच वेळ बोलत होत्या.

ठरलं ते असं. ह्या वर्षी मानधन सगळ्यांचं चालू, माझंपण. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघणार म्हणे, म्हणजे परत भांडण आलंच. दसऱ्यापर्यंत मी चांदीला हात लावायचा न्हाय, नुसती कोठारातली कपाटं पुसायची. मॅडमनी शाबासकी दिली न्हाय. उद्या तोंडाला फडकं बांधून ये, कोठारात धूळ लई हाय, एवढं बोलून गेल्या.

अंग मोडून आल्यासारखं झालंय. बरं वाटतंय असं न्हाय. पण एवढ्यात गाडीत बसत न्हाय.

हे अप्पांना वाचून दाखव, ह्या बारीला मीच सांगतोय. रागावतील, रागावू देत. आणि बाजाराला जाशील तेव्हा कारखान्याच्या गेटवर थांब. महालिंगकाकाला सांग, मल्लेश मोठ्या साहेबांपुढं न्हाय म्हणाला. कशाला न्हाय म्हणाला तेपण त्याला नीट सांग.

दमलेल्या भावावर जरा जास्त लोभ असू दे.
तुझा,
मल्लेश