निळा अंगठा

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण एक गोष्ट विचारायची राहूनच गेली. त्या दिवशी तू मला आश्रमशाळेतून का नेलंस? मी सातवीत होते. गुरुजींना तू एवढंच सांगितलंस, घरी काम आहे. साक्रीच्या पुढे एसटीतून उतरून आपण डोंगराकडची वाट धरली, तेव्हा चाचणी बुडाली म्हणून मी फुगलेली. बाप जाऊन चार महिने झाले होते. नाल्याकाठच्या आपल्या शेतात यंदा नागली कोण पेरणार, एवढीच घरात चर्चा.

तू मला थेट चावडीवर नेलंस. आपल्या भिलांच्या बाया तेव्हा चावडीची पायरी चढत नसत. तू चढलीस. आत तलाठी, काका आणि दोन पंच बसलेले. तलाठी म्हणाले, "वारसाची नोंद आहे. इथं अंगठा द्या." तू अंगठा शाईला लावतेस, तो कागदाच्या वर तसाच धरतेस आणि माझ्याकडे बघतेस.

"वाच."

मी वाचते. मग म्हणते, "माय, वारस म्हणून काकाचंच नाव आहे. तुझं नाही, माझंही नाही."

तलाठी खाली बघतात. काका समजावणीच्या सुरात म्हणतो, "पोर सासरे जाई, वहिनी. जमीन घरमा ऱ्हायनी पाहिजे."

तू शाई लुगड्याला पुसलीस. "मनं नाव नही, ते मना अंगठा बी नही."

त्यानंतर पंचांनी आपल्याला लग्नाकार्याला बोलावणं बंद केलं. तू दोन वर्षं तालुक्याला तारखांना जात राहिलीस, पायी, भाकरी बांधून. शेवटी सातबाऱ्यावर तुझं नाव लागलं, खाली माझं.

मला अजून कोडं पडतं. तुला आधीच संशय होता का? की काकीनं कानावर घातलं होतं? आदल्या आठवड्यात ती विहिरीवर तुझ्याशी बराच वेळ बोलली होती म्हणे. की चार पुरुषांत एकटीनं बसायचं नव्हतं, म्हणून फक्त सोबतीला नेलंस? मी धुळ्याला नोकरीला लागले, सुट्टीत येत राहिले, तुझ्या हातची भाकरी खात राहिले, आणि विचारलं नाही.

कारण विचारलं असतं, तर मलाही एक सांगावं लागलं असतं. तलाठ्याचं ते घाईचं अक्षर मला लागलंच नव्हतं, माय. काकाचं नाव तेवढं वाचता आलं. बाकीचं मी अंदाजानं बोलले.