मावशीचे पाय आणि तुझी हातोडी

प्रिय बबडे,

कंबर धरलीय, पाय भरून आलेत, डोळे मिटतायत, आणि तरी मी खुशीत आहे. हे दोन्ही एकदम कसं होतं ते तूच मला समजावून सांग. आज परत मावशीला घेऊन तुझ्या कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. लिफ्ट बंद. ती जिन्याच्या दर वळणाला कठडा धरून थांबायची आणि तिच्याहून जास्त धापा मी टाकायचे. वर पोचलो तर आयाबाई चाकाची खुर्ची घेऊन धावत आली आणि बसवलं कुणाला? मला! मावशी इतकी हसली की भिंतीला टेकून खालीच बसली. किती महिन्यांनी हसली गं माझी पोर.

तू फोन उचलत नाहीस. आईला म्हणालीस म्हणे, मला डॉक्टरकी जमायची नाही, मी सोडते. ऐकल्यापासून घास गोड लागत नाही. सुट्टीत आली होतीस तेव्हा मावशी म्हणाली पायाला मुंग्या येतात, तू ओट्याशी चहा गाळता गाळता म्हणालीस, मावशी, दगदग कमी कर, ताकदीच्या गोळ्या घे. तिचा आजार कानावर आल्यापासून तेच धरून बसलीयस ना?

तर ऐक. गोळ्या संपल्या, मुंग्या काही गेल्या नाहीत. मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथे तुझ्याच वर्गातली ती उंच, चष्मेवाली शिकाऊ डॉक्टरीण होती. तिने काय काय विचारलं! मागे डोळ्याला अंधुक दिसून आपोआप बरं झालं होतं का, गरम पाण्याने अंघोळ केली की जास्त गळून जायला होतं का, लघवी धरवते का. मावशीने एकेक कबूल केलं, मला पत्ताच नव्हता. मग म्हणाली, मान खाली घाला. घातली, तर पाठीतून वीज गेली म्हणून मावशी किंचाळली, आणि ती पोरगी तिच्याहून जास्त दचकली! मग म्हणते कशी, "मला नक्की कळत नाहीये, थांबा, सरांना विचारून येते." डॉक्टरच्या तोंडून मला कळत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तिथेच मला ती आवडली.

पुढे मेंदूचा फोटो निघाला आणि नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. माझी जीभ तिथे अजून अडखळते. मोठ्या डॉक्टरांनी चार्जरची वायर दाखवून सांगितलं, वरचं आवरण जागोजागी सोलवटलं की निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही, तसं नसांचं झालंय. मुळापासून जाणार नाही, पण औषधाने आवरता येईल. मावशी रडली नाही. म्हणाली, चला, म्हणजे मी आळशी नव्हते तर.

घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं, एवढं सगळं बबडीला का नाही सांगितलंस? तर म्हणते, "आई, जिची दुपटी मी धुतली, तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की मला बाथरूमपर्यंत धरवत नाही?" घे! तू विचारलं नाहीस कारण ती मावशी, तिने सांगितलं नाही कारण तू बबडी. आता यात एकटीने डोकं धरून बसण्यासारखं काय आहे?

आणि लिहायला बसले ते यासाठी. मोठे डॉक्टर आज म्हणाले, या आजाराचं आमच्या शिकाऊ मुलांनी वाचलंय सगळ्यांनी, पण समोर बसलेलं माणूस फार थोड्यांनी पाहिलंय. गुरुवारी त्यांच्या वर्गापुढे याल का? मावशीने फटकन नाही म्हटलं, मी काय प्रदर्शनातली बाहुली आहे? पण जिना उतरता उतरता मधेच थांबली आणि म्हणाली, "जाईन. पण तपासायला पहिला हात बबडीचा. आणि तिने सगळं विचारायचं. मीही सगळं सांगेन." मी तशीच परत वर चढून गेले आणि डॉक्टरांना कळवून आले, म्हणून तर कंबर गेलीय. तेव्हा गुरुवारी तुझी ती गुडघ्यावर ठोकून बघायची हातोडी घेऊन ये. आत तिला मावशी म्हणू नकोस, "काय होतंय बाई तुम्हाला?" असं नीट विचार. मी बाहेर बाकावर बसलेली असेन. मावशी काय ते बाहेर आल्यावर म्हण.

तुझीच,
खुर्चीतून मिरवून आलेली आजी