वडटेंभ्याच्या बायकांची चांदी

मी, जसोदाबाई चुनीलाल पाटील, वय वर्षे शहात्तर, मूळ राहणार म्हसावद, हल्ली राहणार तळोदा, जिल्हा नंदुरबार, धंदा पूर्वी टापू सहकारी पतसंस्थेची चेअरमन, सध्या काही नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मुलगा भावेश उद्या म्हणेल की आईला भ्रम झाला होता. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही, आणि नशापाण्याचं म्हणाल तर सकाळचा एक चहा झाला आहे, तोही बिनसाखरेचा. यापूर्वी संस्थेच्या लेटरहेडवर केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिताना मी स्वतःला फार मोठी बाई समजत होते.

वकील भाग्येश यांनी टाईप केलेला मसुदा आणून दिला होता. त्यात सगळं 'सदरहू' आणि 'उपरोक्त' होतं, माणूस एकही नव्हता. म्हणून मी माझं मी लिहिते. कायद्याला चालेल ते त्यांनी ठेवावं, आणि न चालणारंही ठेवावं.

कलम १. तळोद्याचं राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते मुलगी प्रतिभा हिला द्यावं. भावेशचा नंदुरबारला बंगला आहे. प्रतिभाने माझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, आणि न मागणाऱ्याला द्यायचं असतं हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. तिच्या लग्नात मी संस्थेच्या ऑडिटसाठी हळदीच्या दिवशी दुपारपर्यंत गायब होते. तिने कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

कलम २. म्हसावदचं केळीचं शेत यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर आलं आहे. ते दोघांनी निम्मं-निम्मं घ्यावं. विहीर सामाईक राहील. पाण्याच्या पाळीवरून भांडलात तर माझ्या नावाने बोंब मारू नका, मी तेव्हा ऐकायला नसेन.

कलम ३. सत्काराच्या शाली कपाटात रचून ठेवल्या आहेत, त्या गरजूंना वाटाव्यात. त्यातली एकही माझ्या प्रेतावर टाकू नये. बसस्टँडवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लावू नये. हेड ऑफिसच्या हॉलमधला माझा हार घातलेला फोटो काढून टाकावा. जिवंतपणीच हार घालून ठेवलाय, मेल्यावर काय वेगळं करणार आहात? आणि संस्थेच्या बोधचिन्हात समुद्र आणि नारळाची झाडं आहेत तीही काढावीत. सुरतच्या त्या चित्रकाराला 'टापू', म्हणजे बेट, एवढंच सांगितलं होतं. आमच्या टापूवर साग आणि महूची झाडं आहेत, नारळ तिथल्या कुणी देवाला फोडण्यापुरताच पाहिलेला. छापून आलं तेव्हा रूपाली सूनबाई हसली होती. मी तिच्यावर ओरडले होते. ती बरोबर होती.

कलम ४. आता मूळ मुद्दा. तळोद्याच्या शाखेत माझ्या नावावर एक मोठा लॉकर आहे. त्यात चांदी आहे. ती माझी नाही. नॉमिनी म्हणून भावेशचं नाव लागलेलं आहे, म्हणजे मी काही न लिहिता मेले तर ती त्याच्या हातात जाईल. हे मृत्युपत्र खरं तर त्यासाठीच करते आहे, बाकीची कलमं त्याच्या आजूबाजूला बसवली आहेत.

ती चांदी कुणाची, हे सांगायला संस्था कशी निघाली ते सांगावं लागेल. सत्काराच्या भाषणांत मी ते पुष्कळदा सांगितलं आहे आणि दर वेळी शेवट गाळला आहे.

यजमान, म्हणजे चुनीलाल मास्तर, धडगावकडच्या डोंगरात वडटेंभ्याच्या शाळेवर होते. तेव्हा धरणाचं पाणी मागे फुगत फुगत आलं आणि वडटेंभा चारी बाजूंनी पाण्यात उभा राहिला. कालपर्यंत जो डोंगर होता त्याला लोक टापू म्हणायला लागले. तिथल्या पावरा आदिवासी बायकांची अंगावरची चांदी हीच काय ती पुंजी. गळ्यातली हासळी, दंडातल्या वाक्या, कमरेचा करदोडा. ती घरात जमिनीखाली पुरून ठेवायची त्यांची रीत. पण आता जमीनच खालून वर बुडत येत होती, आणि दरवर्षी झोपडी वर सरकवायची तर पुरायचं कुठे? मास्तरांची खोली सगळ्यांत उंचावर. म्हणून एके दिवशी रेवाबाई आली. माझ्याच वयाची, तेव्हा कडेवर पोर. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली चांदी तिने माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बाई, तू वर राहतेस. हे ठेव. गाठ सोडू नको."

मी म्हटलं, "आत काय आहे ते तर दाखव."

"तुला काय करायचंय? गाठ माझी आहे. मी ओळखीन."

तेवढंच. हीच आमची बँक. पावती नाही, वजन नाही. दर बाईची बांधायची तऱ्हा वेगळी; कुणी दुहेरी मारायची, कुणी टोक आत खोचायची, कुणी गाठीत आपल्या नवसाचा दोरा अडकवायची. लोखंडी कोठीतून गाठोडं काढून समोर ठेवलं की तिची ती ओळखायची. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, त्यापूर्वी सगळ्या येऊन चांदी घेऊन जायच्या, अंगावर घालून होळीला नाचायच्या, आणि मग पुन्हा माझ्यासमोर बसून नव्याने गाठी बांधायच्या. लोकांच्या बँकेचं वर्ष मार्चअखेरीला संपतं, आमचं होळीला संपायचं. गाठ ठेवलेल्या बाईला बियाण्यासाठी, दुखण्याखुपण्यासाठी कर्ज द्यायला लागलो. त्यातून पतसंस्था झाली, नोंदणी झाली. कर्ज कुणी बुडवलं नाही. एकीनेही नाही.

मग संस्था वाढली. टापूवरून तळोद्याला आली, तिथून शहाद्याला, नवापूरला. केळीवाले आले, ऊसवाले आले, नवापूरचे कोंबडीवाले आले. ठेवी आल्या, एसी आला, मी गाडीतून उतरले की शिपाई दार उघडायचा. तळोद्याची इमारत बांधली तेव्हा ऑडिटर म्हणाले, "बाई, दागिना न पाहता, न तोलता कर्ज? फडक्यात दगड असले तर?" त्यांनी विचारलं ते त्यांचं कामच होतं. मी उत्तर द्यायला हवं होतं की गेली इतकी वर्षं एकही दगड निघाला नाही. मी म्हटलं, "खरंच की." मला लाज वाटली होती. पावतीशिवाय चालणाऱ्या माझ्याच बँकेची चार शिकलेल्या माणसांपुढे मला लाज वाटली.

हुकूम मी दिला. भावेशने नाही, मॅनेजरने नाही. सगळी गाठोडी वडटेंभ्याच्याच दलसिंगच्या होडीतून, मग जीपमधून तळोद्याला आणवली. दलसिंग म्हणाला होता, "बाई, बायांना विचारलं का?" मी म्हटलं, "त्यांच्या भल्याचंच आहे." सोनार बसवला. एकेक गाठ सोडली, तोललं, नावाची चिठ्ठी लावली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. एवढ्यावर थांबले असते तरी बरं. उद्घाटनाची भेट म्हणून मी सगळी चांदी संस्थेच्या खर्चाने उजळून घेतली. काळवंडलेली, झिजलेली, पिढ्यांच्या मळाची चांदी, लखलखीत करून टाकली. फडकी झाडूवालीने नव्या काचा पुसायला घेतली. मी ते डोळ्यांनी पाहिलं. अगं जसोदे, निदान तेवढं तरी थांबवायचं होतंस!

होळीआधी बायका आल्या. रेवाबाई पुढे. मी कौतुकाने तिच्या हातात पिशवी दिली. तिने हासळी फिरवून पाहिली आणि परत ठेवली.

"हे माझं नाही."

"अगं, चिठ्ठी बघ, तुझंच नाव आहे. कागद सांगतो तुझं आहे."

"मग कागदाच्या गळ्यात घाल," ती म्हणाली आणि उठली. तिच्या मागे सगळ्या उठल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्या वर्षी वडटेंभ्याच्या बायका होळीला रिकाम्या गळ्यांनी नाचल्या. मी तिथे गेले नव्हते, पण हे मला दलसिंगने येऊन सांगितलं, आणि मुद्दाम सांगितलं.

नंतर त्यांनी कर्जं फेडली, शेवटच्या रुपयापर्यंत, आणि पुन्हा काही घेतलं नाही. उलाढाल नाही म्हणून टापूवरची शाखा आम्ही बंद केली. नावात टापू आहे, टापूवर काही नाही. संस्थेचा त्या चांदीवर काडीचाही हक्क उरला नाही, म्हणून ती माझ्या नावाच्या लॉकरात सरकवली. मी त्यानंतर वडटेंभ्याला पाऊल ठेवलेलं नाही. दरवर्षी भोंगऱ्याच्या दिवसांत मला ताप येतो. डॉक्टरांना कारण सापडत नाही. मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात भावेश, जो आता चेअरमन आहे, माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "माय, ती चांदी नुसती पडेल शे. कोनी लेवाले येत नही. ईकी टाकूत नि त्यास्ना नावनं सभागृह बांधूत." पोरगा वाईट नाही, चांदी विकायची म्हणतो तीही त्या बायकांच्या नावाच्या सभागृहासाठी. पण त्याच्या तोंडून माझंच बोलणं येत होतं, तेच भलं करणं, तेच न विचारता. मला त्याच्यावर रागावताही आलं नाही. रेवाबाईच्या नातीचं, आशाचं, लग्न यंदा होळीनंतर ठरलं आहे हे मला दलसिंगकडून कळलं. आजीची हासळी नातीच्या गळ्यात जायला हवी, आणि ती माझ्या लॉकरात आहे.

कलम ५. सबब, माझ्या मृत्यूनंतर वकील भाग्येश यांनी व्यवस्थापक या नात्याने सदर लॉकर उघडावा, चिठ्ठ्यांप्रमाणे चांदी वडटेंभ्याला नेऊन ज्या-त्या बाईस अगर तिच्या वारसास द्यावी, प्रत्येकीची अंगठ्यासह पोच घ्यावी, आणि माझ्या वतीने दिलगिरी व्यक्त करावी. हे दान नाही, त्यांचं त्यांना परत आहे. भावेशने यात आडकाठी आणू नये.

कलम ६. माझं क्रियाकर्म साधं करावं. संस्था त्या दिवशी चालू ठेवावी.

येणेप्रमाणे लिहून मी सही करणार होते. आज साक्षीसाठी दोघांना बोलावलं होतं, दलसिंग आणि रेवाबाई. रेवाबाई येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, ओट्यावर बसली, पाणी प्याली. पाणी तरी प्याली. भाग्येशनी सगळं वाचून दाखवलं. तिच्यासमोर हे सगळं मोठ्याने वाचलं जात असताना मी जमिनीकडे बघत होते. कलम पाच झाल्यावर तिने विचारलं, "हे कधी होईल?"

भाग्येश म्हणाले, "बाई वारल्यानंतर."

शाईच्या पॅडवर टेकवायला पुढे केलेला अंगठा तिने मागे घेतला. मग माझ्याकडे वळली. ती सगळ्यांनाच तू म्हणते, मलाही. "आमच्यासमोर यायला लाज वाटते म्हणून मरायची वाट बघतेस का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? इतक्या वर्षांत मला कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "रेवाबाई, तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी. मला फार लाज वाटते."

"वाटू दे," ती म्हणाली. "तशीच ये."

मी चिठ्ठ्यांचं विचारलं. ती म्हणाली, "काढून टाक. सगळी एका गोधडीवर ओत. कुणाची कुठली ते आम्ही आपसात बघू. भांडू, तूही बस भांडण ऐकत." आणि चांदी त्या घेतील की नाही, हे तिने सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ते तिथे कळेल."

भाग्येश वकील आहेत, त्यांना राहवलं नाही. "पण आजी, तोवर बाईंचं काही बरंवाईट झालं तर? कलम असू द्या, आधार म्हणून."

रेवाबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मलाच म्हणाली, "होळीपर्यंत मरू नको."

म्हणून कलम ५ वर आडवी रेघ मारली आहे. ती रेघ माझी आहे, शुद्धीत मारलेली आहे, आणि खाली त्याबद्दल वेगळी सही केली आहे. लॉकर मी उद्या स्वतः उघडणार आहे. सोमवारी दलसिंगची होडी निघेल, तिच्यात मी असेन. बाकीची कलमं माझ्या मृत्यूनंतर अंमलात यावीत.

ठिकाण : तळोदा, जि. नंदुरबार
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२६

लिहून ठेवणार : जसोदाबाई चुनीलाल पाटील (सही)
कलम ५ खोडल्याबद्दल : जसोदाबाई चुनीलाल पाटील (सही)

बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली :

साक्षीदार १ : दलसिंग जालमसिंग पावरा, धंदा होडी चालवणे, रा. वडटेंभा (सही)

साक्षीदार २ : रेवाबाई पावरा, रा. वडटेंभा. डाव्या हाताचा अंगठा. कलम ५ खोडल्यानंतरच दिला.