कापलेली हिरवी तार

नोव्हेंबरातला रविवार, दुपार. मोहाडी.

बाबा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. रोज डायरी लिहिणाऱ्या मुलीला हे शोभत नाही. आज लिहिते आहे ते आठवण दाटून आली म्हणून नाही. सकाळी मागच्या अंगणात जे पाहिलं, त्याबद्दल विचारायचं तर तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

घराची जुनी वायरिंग काढून या दिवाळीआधी नवी करून घेतली. अंगणात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ भरून खरी अर्थिंग केली. आज वायरमन शेवटचं तपासायला आला, तेव्हा तुमची कपडे धुण्याची पत्र्याची जुनी मशीन चालू होती. आई ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून धुतलेल्या चादरी ड्रायरच्या टबात भरत होती. त्याने जाता जाता मशीनच्या अंगाला टेस्टर लावला, आणि टेस्टरमधला दिवा लागला. त्याने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग म्हणाला, "माय, बाजूले व्हा जी. झटका नाही लागत का तुमाले?"

"झटका नाही रे बापा. मुंग्या येतेत जराशा. मशीन जुनी झाली, कुरकुरनारच. माही हाडं नाही का कुरकुरत?"

कधीपासून, मी विचारलं. पावसाळ्यापासून, ती म्हणाली. बाबा, मी दर रविवारी इथे येते. तिच्या गोळ्या तपासते, बीपी लिहून ठेवते. आणि पावसाळ्यापासून ती विजेला हात लावून कपडे धूत होती.

वायरमनने मागचं झाकण उघडलं. मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, म्हणून तिसरी हिरवी तार असते, एवढं मला ठाऊक आहे. ती तार पत्र्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. मी म्हटलं, तुटली असेल, इतकी जुनी मशीन. त्याने ती दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली. "तुटली नाही ताई, कापली आहे. अन कापनाऱ्यानं टेप बी मारली, पाहा ना." मी पाहिलं. काळ्या टेपचं टोक आत दुमडलेलं होतं.

तुमसर रोडवरचं तुमचं दुरुस्तीचं दुकान. मी कॉलेजात आहे, इस्त्रीच्या वायरीला स्वतः टेप गुंडाळून तुम्हाला दाखवते आहे. तुम्ही मान हलवता. "टोक दुमडत जाय. मागून खोलनारा माणूस नखं तोडून घेईन का?" मागून खोलणाऱ्याचा विचार करणारा माणूस अशी तुमची माझ्या मनातली ओळख, ती त्या एका वाक्यावर उभी आहे. आज मागून खोललं, तेव्हा समोर मी होते.

मला वाटलं आई रडेल किंवा नाही म्हणेल. ती चादर पिळत म्हणाली, "तुह्या बाबानंच कापली. साऱ्याइच्या मशीनची कापत होते. सिहोऱ्याची ते बाई फेकल्या गेली तवापासून."

सिहोऱ्याचा तो दिवस मला अर्धाच माहीत होता. तुम्ही जेवला नव्हता आणि चिडचिड केली होती, एवढाच. आईने आज उरलेला सांगितला. तेव्हा इकडे घरोघरी खड्डा खणून अर्थिंग कोण करत होतं? प्लगच्या तिसऱ्या भोकाला आतून एक तुकडा जोडून तो न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला, लावायचा, झाली अर्थिंग. वादळानंतर खांबावर तारा जोडताना उलट्या जोडल्या गेल्या, आणि त्या तुकड्यातून, हिरव्या तारेतून, वीज सरळ मशीनच्या पत्र्यात आली. मशीनमध्ये दोष नव्हता. बाई वाचली, पण तिचा हात पुढे कितीतरी दिवस उचलत नव्हता. तुम्ही आईला म्हणालात, "भिंत फोडाले लोक देत नाहीत. मशीन तं माह्या हातात आहे."

म्हणून तो पाट. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनबरोबर तुम्ही उभं राहायला लाकडी पाट द्यायचात, वीज अंगातून जमिनीत जाऊ नये म्हणून, आणि आंधळगावच्या मास्तरीणबाई दुकानात सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "पाट देऊन राहिले तं मुंडावळ्या बी द्या भाऊ." तुम्हीही हसला होता. मी तर त्याला तुमची हौस समजत होते.

मला तुमचा राग येतो आहे, आणि राग धरायला जागाही सापडत नाही. त्या भिंतींसमोर तुम्ही दुसरं काय करणार होता? पण नंतर भिंती बदलतील, त्यांत खरी अर्थिंग येईल, हे तुम्हाला सुचलं नाही का? एखाद्याला तरी सांगून ठेवायचं होतं. मशीन टाकू नका, पट्टा बदलू, मोटर भरू, अजून चालते, हे तुम्ही घरोघर सांगितलंत, आणि लोकांनी ते ऐकलं. मशीन टिकल्या. पाट टिकले नाहीत. आमचाच फरशी बसवली तेव्हा भांड्यांच्या रॅकखाली गेला.

जेवण झाल्यावर आंधळगावला फोन केला. मास्तरीणबाईंनीच उचलला. मशीन चालते का, मी विचारलं.

"चालते ना. मास्तरची बदली झाली, रिटायर झाले, मशीन आहे तिथंच आहे. तुह्या बाबाचा हात होता तो. आता सूनबाई लावते रोज, लेकराचे कपडे असतेत."

"आणि पाट?"

"कोनता पाट?"

मी म्हटलं, उद्या वायरमनला घेऊन येते, तोवर मशीन लावू नका, प्लग काढून ठेवा. नुसती तार जोडून चालणार नाही. आधी त्यांच्या भिंतीतली अर्थिंग पाहावी लागेल. ती अजून जुन्यासारखीच असेल तर जोडणारी मी आणि सिहोऱ्याच्या खांबावरचा तो माणूस, यात फरक काय? आणि आंधळगावनंतर बाकीची घरं. कोणकोणती, ते आईला जेवढं आठवेल तेवढंच.

"काहून वं, झालं तरी काय?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "उंदरानं तार कुरतडली आमच्याकडं. तुमच्याकडंही तसंच असंन."

"उंदीर मेले कायले सोडतेत," त्या म्हणाल्या आणि सुनेला हाक मारून प्लग काढायला लावला. तो काढल्याचं मला फोनवर ऐकू आलं. आई समोर बसून तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

हे पान डायरीतच राहील, बाबा. तुमचं नाव वाचवायला मी उंदराला पुढे केलं, आणि ते मला फार सोपं गेलं.

उद्या: आंधळगावला, झाकण उघडण्याआधी, तार कुणी कापली ते सुनेला सांगणे.