तोफेच्या नळीवर वाळत घातलेले कपडे

दिनांक ९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी सैन्यातले एक अधिकारी घरी येऊन गेले. दुपारी भावजय तिच्या बहिणीकडे निघून गेली. मी जेवलो नाही. आता हे मृत्युपत्र लिहीत आहे. वय एकसष्ट, रक्तदाब सोडला तर तब्येत बरी, डोके ठिकाणावर. कोणी भरीस घातलेले नाही.

माझा धंदा ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्याचा. युद्ध सुरू झाल्यावर धाकटा भाऊ आणि मी सैन्यासाठी बनावट तोफा करू लागलो. सांडपाण्याच्या पाइपची नळी, केबलच्या लाकडी रिळांची चाके, वर रंगवलेले कापड. शत्रूने आकाशातून पाहून त्या खऱ्या समजाव्यात आणि दारूगोळा वाया घालवावा, एवढेच त्यांचे काम. पण आसपास माणसांचा वावर नसेल तर तोफ खरी वाटत नाही. म्हणून धाकटा तिथे राहायला गेला. स्टोव्ह पेटवायचा, नळीवर कपडे वाळत घालायचे आणि मग लांबच्या खंदकात जाऊन बसायचे. मार्चमध्ये तो तिथेच मारला गेला. कसा, ते आज सकाळी कळले.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा भावजयीला. उरलेला अर्धा धाकट्याचा, तो आधीच तिचा. तिला माझे काही नको आहे. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

अधिकारी म्हणाले, "तुमची तोफ शेवटपर्यंत ओळखू आली नाही त्यांना. दोन क्षेपणास्त्रं टाकली तिच्यावर."

"दोन?" मी विचारले, आणि मला आनंद झाला. तो चेहऱ्यावर दिसला असणार. भावजय चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि माझ्याकडेच पाहत होती.

तिने त्यांना विचारले, "पण हे तर खंदकात असायचे ना?"

"पाऊस आला म्हणून बाहेर पडले. कपडे तसेच भिजत राहिले असते तर वरून बघणाऱ्याला संशय आला असता. ते काढायला गेले होते."

ती जराशी हसली. "घरी कधी दोरीवरचा रुमाल आत आणला नाही त्यांनी. ओरडून ओरडून थकले मी."

ते गेल्यावर तिने कपबशा उचलल्या आणि म्हणाली, "भाऊजी, एकाच क्षेपणास्त्रावर भागलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं का?"

'दोन' ऐकले त्या क्षणी मला भाऊ आठवला नव्हता, तोफ आठवली होती. याची लाज वाटते. घर दिल्याने ही लाज जाणार नाही. तिने मला माफ करावे अशी अटही नाही. घर विकायचे तर विकावे, पण किल्ली घ्यावी.

२. शिलाईचे मोठे यंत्र आणि ताडपत्रीला रिंगा ठोकायचे साचे कारखान्यातल्या शिवणाऱ्या बाईंना. त्यांची शिलाई माझ्यापेक्षा सरळ आहे. हे मी त्यांना कधी बोललो नाही, कारण त्यांना ते माहीत आहे.

३. कारखान्यात नमुन्याची एक तोफ उरली आहे. ती चौकात उभी करून धाकट्याचे नाव द्यावे, असे अधिकाऱ्यांच्या मनात आहे. "शोभून दिसेल," असे मीही म्हणून बसलो. तो शब्द मागे घेतो. कापड उसवून त्याच्या ताडपत्र्या कराव्यात. पाइप शेजारच्या वेल्डरला द्यावा. त्याने नेलेली शिडी मागू नये. ती मुळात स्वतःचीच असे तो म्हणतो, आणि वाद घालायला मी नसेन.

४. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. तोफांबद्दल तर मुळीच नको.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. दोघांनी समोर बसून वाचला आणि माझ्यादेखत सह्या केल्या.

सही: ताडपत्रीवाला, थोरला
साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधवाले, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका
ठिकाण: कारखाना, कापड कापायचे टेबल

साक्षीदार गेले. घरी आलो. भावजयीचा एक टॉवेल घाईत दोरीवरच राहिला होता. तो आत आणला, घडी घातली.