निघताना काय म्हणावं

सोमवार, ४ मे. सांगली

आले एकदाची. साताऱ्यापासून खिडकीची जागा मिळाली, म्हणजे दिवस चांगला. बाबांनी डबा, टॉर्च आणि पलटणीच्या कॅन्टीनमधून आणलेली ही डायरी दिली. निवृत्त सुभेदाराची मुलगी इंटर्नशिपला जात नाही, पोस्टिंगवर जाते.

गल्लीत बातमी अशी की शिवांजली बँकेत लागली. शेजारच्या राहीबाईंनी तर पासबुक भरून आणायला दिलं. आमच्या बँकेत पासबुक नसतं, आम्ही कंपन्यांची खरेदी-विक्री जमवून देतो, असं सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजे एजंटच की गं." चूक काय आहे त्यात?

बाकीचे इंटर्न मुंबईत एसीत बसलेत. मला धाडलं सांगलीजवळच्या माधवनगरला, कारण मी 'तिकडची' आहे हे आमच्या साहेबांना, इंद्रजित सरांना, कळलं. बंद पडलेली एक सूतगिरणी विकायची आहे. घेणाऱ्याला जमीन हवी, सूत नको. मी यंत्रांचे फोटो काढायचे, गिरणीच्या चाळीत राहणाऱ्या जुन्या कामगारांशी त्यांच्या बोलीत बोलायचं आणि कोण अडून बसेल ते कळवायचं. नीट केलं तर सुट्टी संपताना पक्की नोकरी. मला ती हवी आहे, अगदी काहीही करून हवी आहे.

सकाळी घाईत "चला, जाते" म्हणून उंबरा ओलांडला, तर आईनं दारावरच्या आंब्याच्या तोरणाखालून आत ओढलं. पुन्हा पाटावर बसवलं, हातावर दही घातलं आणि "येते" म्हणवून घेतलं. जाणारा परत येत नाही म्हणे. लहानपणी या एका शब्दावरून मी थोबाडीत खाल्ली आहे.

मंगळवार, ५ मे

गिरणी पाहिली. वॉचमन ज्ञानू हा माजी सैनिक. बाबांची पलटण कळल्यावर त्यानं खुर्ची पुसून दिली. मोठ्या शेडमध्ये साचे, म्हणजे सूत कातायची यंत्रं, रांगेनं उभे आहेत, गंजलेले, आणि त्यांच्यावर कापसाचं तूस बसलंय. बाहेर भाजून निघत होतं, आत मात्र गार होतं. मला आवडलं.

ज्ञानूनं एक विचित्र गोष्ट सांगितली. गिरणी दोन दिवस दुरुस्तीला बंद म्हणून मालकानं सगळ्यांना घरी पाठवलं. कामगार नेहमीसारखे साच्यांना हात लावून 'येतो' म्हणून गेले. गिरणी परत उघडलीच नाही. "शबुद दिलता की वो. आता मेली तरी येत्यात, दुपारी बाराच्या पाळीला. तवा ताई, शेडीतनं निघताना 'येते' म्हणू नका. 'जाते' म्हणा." तो स्वतः "चला, गेलो" म्हणतो. मी हसले.

आणि झालं काय, निघताना दारात वळून आत पाहिलं आणि तोंडातून गेलंच, "येते हं." इतक्या वर्षांची सवय. ज्ञानूचा चेहरा उतरला. मला उगाच अपराध्यासारखं वाटलं.

शुक्रवार, ८ मे

चाळीतल्या हरणाबाईंकडे चहा झाला. माझं बोलणं ऐकून त्या खुलल्या. आपलीच लेक हाय म्हणाल्या. कोर्टात कोण जाणार, कुणाला पोराच्या लग्नाची घाई आहे, सगळं भडाभडा सांगितलं. मी ते सगळं सरांना कळवलं. सरांनी अंगठा पाठवला. आपल्या बोलीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

दुपारी लॉजवर होते. भोंगा वाजला. गिरणीला वीज नाही, मग भोंगा कसला? तेवढ्यात डोळा लागला असावा. उठले तर केसांत पांढरं तूस.

रविवार, १० मे. सातारा

घरी. आईनं माझ्या आवडीची आमटी केली होती. पहिला घास घेतला आणि भोंगा झाला.

मग मी शेडमध्ये होते. स्वप्न नव्हतं. पायाखालची फरशी थरथरत होती. सगळे साचे चालू. बायका कामाला लागलेल्या, पदर खोचून. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त कडेची एकजण थोडी सरकली, माझ्यापुरती जागा करून.

आई सांगते, मी ताटावर बसूनच होते. डोळे उघडे. हाका मारल्या तरी ओ नाही. बाबा डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, कामाचा ताण. माझ्या बोटांना यंत्राच्या तेलाचा वास येतो. साबणानं जात नाही.

बुधवार, १३ मे. सांगली

रोज होतंय. आणि रोज थोडं जास्त वेळ.

ज्ञानूला सांगितलं. तो ओरडला नाही, त्यानंच जास्त भीती वाटली. म्हणाला, उपाय सोपा आहे. दारात उभं राहायचं, आत तोंड करून मोठ्यानं 'जाते' म्हणायचं, आणि चालू लागायचं. मागं बघायचं नाही. आणि पुन्हा या गिरणीत पाय ठेवायचा नाही. "शबुद फिरवला की फिरवला, ताई. परत आलासा तर मग सुटका न्हाई."

म्हणजे आजच म्हटलं तर काम अर्धं टाकायचं. नोकरी गेली.

सरांना फोन केला, तब्येत बरी नाही, घरी जाऊ का? ते म्हणाले, सौदा होऊ दे, मग खुशाल जा.

ठीक आहे. सौदा होईपर्यंत. थोडे दिवस तर आहेत.

सोमवार, १८ मे

ज्ञानू रोज विचारायचा, म्हटलंसा का? मी म्हणायचे, उद्या. काल त्यानं विचारणं सोडलं.

शेडमधल्या बायका आता माझ्याकडे बघतात. हसतात. वाईट नाहीत त्या, तेच वाईट आहे. कडेच्या बाईनं तुटलेलं सूत कसं सांधायचं ते दाखवलं. माझी बोटं आपोआप—

लॉजच्या जिन्यावर पाय ठेवला तर शेडची फरशी लागली. मग पुन्हा जिना.

शुक्रवार, २२ मे. सातारा

बाबा सांगलीला येऊन मला घरी घेऊन आले. बसमध्ये भोंगा. उंब्रजला की कराडला, आठवत नाही.

सौदा झाला. सगळ्यांना अभिनंदनाचा मेल, त्यात माझं नाव नाही. सरांचा वेगळा निरोप: काम उत्तम, पण यंदा जागा नाही, संपर्कात राहू. चाळीला नोटिसा लागल्या. हरणाबाईंचा फोन आला होता. मी उचलला नाही. मला संताप येतो, सरांचा, आणि त्याहून माझा. याच्यासाठी मी थांबले.

आता थांबायचं नाही. सोमवारी बाबांबरोबर माधवनगरला जाऊन तो शब्द म्हणून येते.

येते नाही. नाही. जाते.

रविवार, २४ मे

भिंतींना तूस. आईला दिसत नाही.

घर कुठलं, शेड कुठली— दुपारी कळत नाही. स्वयंपाकघरात सुताची बॉबिन उचलायला वाकले. लाटणं होतं.

उद्या. दारात. आत तोंड करून. मोठ्यानं. मागं बघायचं नाही. विसरता कामा नये.

सोमवार, २५ मे

म्हटलं. सुटले.

शेडचं दार दिसल्याबरोबर उभी राहिले. इतक्या लवकर आली गिरणी. बसमध्ये बसल्याचं आठवत नाही. आत तोंड केलं.

आत आई उभी. ती कशाला आली माधवनगरला? हातात दह्याची वाटी. म्हणाली, बाळा, येते म्हण. शेडमधल्या बायकांचंच सोंग असणार, फसवायला. मी फसले नाही. मोठ्यानं म्हटलं. जाते.

ती कळवळून म्हणाली, असं नको बोलू गं. मी आणखी मोठ्यानं म्हटलं. वाटी पडली. बाबांनी हाक मारली. बाबा पण? मागं बघितलं नाही. चालत राहिले.

भोंगा झाला. कडेची सरकली. बसले आहे. डायरी मांडीवर आहे. इथं बरं आहे, गार आहे—

पण त्या शेडच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं.

शेडला तोरण कुठलं— तोरण तर आमच्या—