वेदूच्या दाराचा उंबरठा

चि. वेदू,

हा कागद तुला देणार नाही, म्हणूनच खरं लिहितो.

सिंदी मेघे गावातल्या घरात तू एकटी राहायला आलीस, तेव्हा मिस्त्रीनं विचारलं होतं, उंबरठा काढून उतार करू का? तुझी व्हीलचेअर कोणाच्या मदतीशिवाय बाहेर निघाली असती. मी म्हणालो, "उंबरठ्यावर लक्ष्मी रायते गड्या, राहू दे." माझी श्रद्धा तू मोडली नाहीस. वर्षभर सकाळ-संध्याकाळ येऊन मी तुझी खुर्ची उचलून उंबरठ्यापलीकडे ठेवली.

मागच्या आठवड्यात मला ताप आला आणि तुझं ऑफिस बुडालं. फोनवर तू हसून म्हणालीस, "दादा, तुह्या लक्ष्मीले सांग ना, मले उचलून दे म्हणा."

मला हसू आलं नाही. लक्ष्मीनं तुला कधीच अडवलं नव्हतं. मी आलो नाही तरी तुझं चालेल, याची मला भीती वाटत होती, आणि ती मी देवाच्या नावाखाली झाकली होती.

ताप उतरल्यावर उंबरठ्याला हळदकुंकू वाहिलं, माफी मागितली आणि मिस्त्रीला म्हणालो, काढ.

आज सकाळी सवयीनं आलो, तर तुझ्या दाराला बाहेरून कुलूप. ते तू स्वतः लावून गेली होतीस. मग देवळासमोर जोडतो तसे हात जोडले आणि घरी परतलो.

आता बोलावशील तेव्हाच येणारा,
तुझा श्रीधरदादा